माहेरच्या वाटेवरचा सिग्नल

गॅरेजात मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या गाडीपाशी एक नवरा-बायको आणि मेकॅनिक बोलत होते.

“गाडीतला नकाशा नेमका कधी बंद पडतो, ताई?”

“माझ्या माहेरी निघालं की! आताही तिकडेच निघालो होतो. बाबांच्या वाढदिवसाला पोचलो, तेव्हा पाहुणे हात धुऊन निघाले होते.”

“अगं, तिकडे सिग्नलच येत नाही. त्याला मी काय करू?”

“साहेब, नकाशाच्या अँटेनाची वायर निघालीय.”

“बघ! खड्ड्यांनी निघाली असणार.”

“खड्ड्यांनी निघालेली वायर लोंबते, साहेब. ही नीट गुंडाळून वर टेप लावलाय.”

“अहो, यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं. बिचाऱ्या गाडीला कशाला मुकी केलीत?”

“तसं नाही गं...”

“दादा, वायर जोडा आणि किल्ली माझ्याकडे द्या. मी बाबांकडे निघाले. हे चालत जातील घरी. तो रस्ता यांना बरोबर सापडतो.”