पाठलागाचं पाऊल

आई : नाही हो मॅडम, उडी ती उडीच. लीप काय नि जंप काय!

कोच : इथंच चुकताय. जिम्नॅस्टिक्समध्ये एका पायावरून घेतली तर लीप, दोन्ही पायांवरून घेतली तर जंप. लेकीसमोर असं बोललात तर हसेल तुम्हाला.

आई : हसली तरी चालेल हो, ती गप्पच होते. परवा फोनवर वुल्फ टर्न, वुल्फ टर्न करत होती. मी विचारलं, लांडग्याचं नाटक बसवताय का? म्हणाली, जाऊ दे आई, तुला नाही कळायचं. म्हणून तर आले तुमच्याकडे, तिचे शब्द शिकायला.

कोच : उकिडवं बसायचं, एक पाय समोर ताठ, आणि दुसऱ्यावर भोवऱ्यासारखं गरगर. इथं असताना सारखी आपटायची. रडायची मात्र नाही, पठ्ठी!

आई : तुम्ही पाहिलंत ते. माझी ड्यूटी दुपारची. तिचा बाबाच यायचा, त्या बाकावर बसून राहायचा. जज्जांनी विचारलं, बाळ, कुणाकडे राहायचं? तर तिनं त्याचा हात धरला. आता दोघं त्या तिकडच्या शहरात, त्याच्या नव्या बायकोकडे.

कोच : ताई, तिचं ते शासे शिकायचंय ना? उठा. चपला काढा.

आई : या वयात? कंबरडं मोडेल.

कोच : नाचातलं साधं पाऊल आहे. उजवा पुढे. डावा त्याचा पाठलाग करतो, गाठतो, की उजवा निसटला! हां, परत. अहो, जमतंय की!

आई : थांबा, थांबा, तिचाच फोन.

(आई फोन स्पीकरवर टाकते.)

लेक : आई, जेवलीस?

आई : ते सोड. ओळख, मी कुठे आहे! तुझ्या जुन्या हॉलमध्ये. शासे शिकले! आणि तुझा वुल्फ टर्न पूर्ण होतो का गं आता? की टाच टेकते मध्येच?

लेक : तू? हॉलमध्ये?

आई : बोल की. आज सगळं कळेल मला.

लेक : आई, मी सोडलंय ते.

आई : काय सोडलंयस?

लेक : जिम्नॅस्टिक्स. सुट्टीतच.

आई : अगं, पण परवा तर...

लेक : फोनवर तू पहिलं तेच विचारतेस. आज काय शिकलीस? मग मी जुनंच सांगत राहिले. नाहीतर आपण बोललो काय असतो?

कोच : ताई, बसा जरा.

आई : का सोडलंस? लागलं का कुठे?

लेक : नाही गं. हॉल लांब आहे. बाबाला न्यायला वेळ नसतो. बाळ झालंय ना आता.

आई : बाळ?

लेक : तुला सांगायचं नव्हतं मला.

आई : मग दुपारी काय करतेस तू?

लेक : त्याला झोपवते. माझ्याकडेच झोपतो तो. आई, रागावलीस?

आई : नाही गं, रागावू कशाला. सांग ना, दिसतो कुणासारखा?