वापरलेली चादर

वहिनी: म्हणजे तुम्ही रात्रभर त्याच चादरीवर झोपलात? अहो भाऊजी, ती धुवायला काढलेली होती! आठवडाभर लेक लोळली तिच्यावर. वॉशिंग मशीन बंद पडलंय म्हणून तशीच राहिली. मेलं, मला लाज वाटतेय.

फिटर: वहिनी, नऊ तास झोपलो. मध्ये एकदाही जाग आली नाही.

ड्रायव्हर: घोरण्यावरून कळलं. माझी बसही एवढा आवाज करत नाही. चल, आवर आता. आधी संग्रहालय, मग घड्याळाचा मनोरा, आणि चार वाजता बोट. बोटीची दोन तिकिटं काढून ठेवलीत.

फिटर: मला नाही जायचं.

ड्रायव्हर: पाय दुखतायत? मनोऱ्याला लिफ्ट आहे.

फिटर: पाय ठणठणीत आहेत. मनोरे बघून झालेत माझे. अकरा वर्षं बिस्किटाच्या पुड्या बांधायची मशिनं बसवत देशोदेशी हिंडतोय. जाईन तिथं शेवटच्या दिवशी कुणीतरी गाडीत कोंबतं आणि मनोरा दाखवतं. मला मनोरा नको. मला तुमचा मंगळवार बघायचाय.

ड्रायव्हर: आमचा काय?

फिटर: मंगळवार. मी आलो नसतो तर आज काय केलं असतंत?

वहिनी: मी? मशीनवाला बारा ते चारच्या मध्ये कधीतरी येणार. त्याची वाट बघत लसूण सोलला असता. ह्यांच्या नावानं बोटं मोडली असती.

फिटर: मग तेच करू. लसूण माझ्याकडे द्या.

ड्रायव्हर: डोकं फिरलंय का तुझं, पान्या? डेपोत साहेबाच्या हातापाया पडून दोन दिवस रजा काढली मी! सांगितलं, एका वर्कशॉपात शेजारशेजारच्या लेथवर घासलेला दोस्त येतोय. आणि तू लसूण सोलणार?

फिटर: तू जा की बोटीत.

ड्रायव्हर: एकटा? अरे, नऊ वर्षं त्या पुलावरून बस नेतोय मी. दिवसात चौदा वेळा. खालून बोट जाते, त्यातले लोक हात हलवतात. मी कुठून हलवणार? माझे हात स्टिअरिंगवर. घरी कुणी आल्याशिवाय माणूस स्वतःच्या गावात फिरत नाही रे. तुझ्यासाठी नाही काढली तिकिटं. माझ्यासाठी काढलीत. झालं समाधान?

फिटर: मग वहिनींना ने.

वहिनी: आणि मशीनवाल्याला दार कोण उघडणार?

फिटर: मी.

ड्रायव्हर: मशीनवाला लागतोच कशाला? अख्खे कारखाने उभे करतोस, हे पिंपाएवढं मशीन तुला दुरुस्त करता येत नाही?

फिटर: सुट्टीवर आहे मी. तो येईल, मी त्याच्या डोक्यावर उभा राहीन आणि दर पाच मिनिटांनी विचारीन, 'अजून किती वेळ?' अकरा वर्षं लोकांनी मला विचारलंय. एकदा मलाही विचारायचंय.

वहिनी: भाऊजी, हसवणं पुरे. काल आल्यापासून बघतेय मी. फोन वाजला की पालथा करून ठेवता. काय झालंय?

फिटर: कंपनीचा कागद आलाय. आणखी पाच वर्षं फिरणार म्हणून सही हवीय त्यांना, आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर आमच्या घराजवळच्या कारखान्यात जागा देतायत. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.

ड्रायव्हर: मग विचार कसला करतोस, गाढवा? घरी जा!

फिटर: कुठल्या घरी?

वहिनी: असं काय बोलता?

फिटर: खरं तेच बोलतोय. वर्षातून दोनदा जातो मी, दहा-दहा दिवस. मी पोचायच्या आत बायको पलंगावरची चादर काढते आणि कपाटातली घालते. डांबरगोळ्यांच्या वासाची. उशीवर टॉवेल, नीट घडी घालून. चहा ठेवणीतल्या कपात. हॉटेलात तेच, घरीही तेच! मागच्या खेपेला मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगत होती, 'आज नाही गं जमणार, बाबा आलेत.' पाहुणे आलेत म्हणावं, तसं. आणि लोक वर तोंड करून म्हणतात, नशीब काढलंस, जग बघतोस! आग लागो त्या जगाला. अकरा वर्षांत कुणाच्या तरी अंगाचा वास असलेल्या चादरीवर झोपलो तो काल. तेही तुमच्याकडे.

वहिनी: तिला सांगितलंत हे?

फिटर: काय सांगू? तू माझी सरबराई करतेस ती मला सोसत नाही, असं? बिचारी चार दिवस आधीपासून घर घासत असते. माझ्याशिवाय राहायची सवय झालीय तिला. मी रोजचा घरात घुसलो तर अडचणच व्हायची. मग पाच वर्षं काय नि दहा काय.

वहिनी: तुमचं अर्धं डोकं मशिनात अडकलंय. ती चादर का बदलते, ठाऊक आहे?

फिटर: पाहुणा आला म्हणून.

वहिनी: हे इकडे आले तेव्हा पहिली तीन वर्षं मी तिकडेच होते, सासूबाईंजवळ. हे सुट्टीला आले, पहिल्या खेपेला मी चादर बदलली नव्हती. हे गेले, आणि ती चादर मला धुववेना. अठरा दिवस. सासूबाई म्हणायच्या, अगं, वास मारतोय तिला. आता त्यांना काय सांगू, वासासाठीच ठेवलीय म्हणून? शेवटी त्यांनीच भिजत घातली. मी मोरीत बसून रडले. पुढच्या खेपेपासून माझी चादर आधीच गुंडाळून ठेवायला लागले. ह्यांच्यासाठी कपाटातली. हे गेले की ती धुवून टाकायची आणि आपल्या जुन्या चादरीवर येऊन पडायचं. जसं काही कुणी आलंच नव्हतं. पाहुणे म्हणून नाही हो बदलत ती. तुम्ही जाणार म्हणून बदलते.

ड्रायव्हर: हे मला कधी बोलली नाहीस.

वहिनी: तुम्ही कधी विचारलंत? यायचात आणि घोरायचात.

ड्रायव्हर: अगं, पण...

वहिनी: पण नाही नि बिण नाही. बोट किती वाजता म्हणालात?

ड्रायव्हर: चारला.

वहिनी: मी येतेय. भाऊजी, लसूण त्या टोपलीत आहे. मशीनवाला आला की चपला दाराबाहेर काढायला लावा. आणि तो ओला टॉवेल उचला खुर्चीवरून! हे काय हॉटेल आहे?

फिटर: उचलतो, वहिनी. उचलतो.

(संध्याकाळ. दोघं बोटीवरून परतली आहेत. आत मशीन घरघरतंय.)

ड्रायव्हर: पान्या, अरे, पुलावरून आमचीच बस गेली! आमचा जाड्या चालवत होता. मी हात हलवला, तर ढुंकून बघितलं नाही त्यानं.

वहिनी: एक हात नव्हे, दोन्ही. उभं राहून. मी शर्ट धरून खाली बसवलं. भाऊजी... हे काय? सगळा सोललात?

फिटर: टोपलीत होता तेवढा.

वहिनी: अहो, महिन्याचा होता तो! आता ठेवू कुठे एवढा?

फिटर: बोला, आणखी बोला. बरं वाटतंय.

वहिनी: बोलणारच आहे. आधी सांगा, सहीचं काय केलंत?

फिटर: नाही म्हणून कळवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'ठीक आहे.' अकरा वर्षं हाडं झिजवली, त्याचं एवढंच. ठीक आहे.

ड्रायव्हर: जाऊ दे त्यांना खड्ड्यात. घरी सांगितलंस?

फिटर: दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. ती गप्प बसली तर काय करायचं?

वहिनी: गप्प बसली तर बसू द्या. आणा इकडे तो फोन. हं. घ्या, वाजतोय.

फिटर: हॅलो... हो, मीच... नाही गं, बरा आहे. मित्राकडे आहे अजून... लसूण सोलत होतो... हसतेस काय? ऐक. शनिवारी येतोय मी... नाही, दहा दिवस नाही... किती म्हणजे? किती नाहीच. फिरती सोडली... हॅलो?... आहेस ना?... बरं, नको बोलूस. फक्त ऐक. आणायचं काही नाही, घर घासायचं नाही. आणि ती पलंगावरची... हो, तीच. मळलेली असली तरी असू दे. चादर बदलू नकोस.