साक्षगंधाच्या आधी

हॅलो?… हॅलो, कोण?… कौसल्या! जय भीम, जय भीम. थांब वं, आधी हा कूलर बंद करते, याच्या घरघरीत एक शब्द ऐकू येत नाही… हं, बोल आता. सावनेरले ऊन कसं आहे?… इथं नागपूरले तर पंखाही गरम हवा फेकून राहिला बाप्पा.

काय?… पायलचं ठरलं? तुझ्या नातीचं?… आवं मग इतका वेळ उन्हाचं काय सांगत बसली!

साक्षगंध कधी?… या रविवारी? इतक्या घाईनं?… नाही, येते ना. धाकट्या बहिणीची नात, अन् मी काय घरी बसू?… गुडघ्यांचं राहू दे. गुडघे मी सोबतच घेऊन येते.

हो, हो… ऐक ना. पाटोडीचा रस्सा घरीच कर, बाहेरच्या आचाऱ्यांले सांगू नको. मागच्या लग्नात त्या लोकांनी नुसतं तिखट पाणी वाढलं होतं… बरं, पोट्टा काय करते?… कळमेश्वरले, कंपनीत. नाव?… पियुष. दिसायले कसा?… तू तर चांगलाच म्हणशील. पायल काय म्हणते?… लाजते? मग झालं.

कोणाच्या घरचा आहे?… कोणती जयवंता?… आपल्या आईच्या माहेरची? आईची चुलतबहीण?… तिचा नातू.

…

नाही, ऐकून राहिले. फोन चालू आहे… काही नाही झालं.

कौसल्ये, जयवंतामावशीची धाकटी बहीण आठवते का तुले? पंचफुला… तू लहान होतीस, तुले कशी आठवणार. कापूस वेचायले सगळ्या बायांच्या पुढं असायची, अन् मधातच शेताच्या धुऱ्यावर बसून जायची. गुडघे सुजलेले, डोळे पिवळे. लोक म्हणत, सोंग करते. पहिल्याच बाळंतपणात गेली बिचारी…

आवं, शुभ कामात मेलेल्या माणसांचं काहून काढू नको? ऐक तरी. आपल्या देवाजीचं तसंच होतं का नाही?… हो, आपलाच भाऊ. तू पाळण्यात होतीस. थंडी पडली की त्याचे हातपाय धरायचे. आई विटा तापवून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची अन् रात्रभर शेकायची. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तो घोंगडी तोंडात धरायचा. मी त्याच्या बाजूलेच झोपायची, कौसल्या. घोंगडीचा तो कोपरा सकाळी ओला राहायचा… वैदू म्हणाला वात आहे. कोणी म्हणालं नजर लागली. तो गेला, तरी आई मरेपर्यंत नजरच म्हणत राहिली.

हो. सिकलसेलच, आईबापाच्या रक्तातून येते ती बिमारी. तेव्हा कोणाले नाव माहीत होतं?

आता सांग, पायलची तपासणी झाली आहे ना? कॉलेजात सगळ्या पोरींची झाली होती, तूच बोलली होतीस… मग काय निघालं?… साडी मी येऊन पाहते. रंगाचं नंतर सांग… कौसल्या, विषय बदलू नको. काय निघालं?

… वाहक.

अन् पियुषच्या घरी सांगतलं?… काहून नाही?

माहीत आहे. पायलले पाहायले आलेले काटोलचे ते पाहुणे माहीत आहेत मले. खरं सांगतलं, तर चहा पिऊन गेले अन् पुन्हा फोनच उचलला नाही. पोट्टी तोंड लपवून फिरायची… नाही वं, तुले वाईट नाही म्हणत. नातीसाठी जीव तुटते तुझा. माझाही तुटते.

पियुष धडधाकट आहे? कबड्डी खेळते?… आवं, पायलही तर धडधाकट आहे! वाहकाले काही त्रास नसते, म्हणून तर कोणाले दिसत नाही. आमच्या विहारात डॉक्टरीणबाई आली होती, तिनं सांगतलं सगळं. एकात असलं अन् दुसऱ्यात नसलं, तर लेकराले ती बिमारी होत नाही. दोघांतही असलं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक, इतकी भीती. त्यालेही उपाय आहे, पोटात असतानाच तपासता येते. पण आधी माहीत तर पाहिजे!

ओळखीचं घर म्हणून निवडलं?… आवं, ओळखीचं घर आहे म्हणूनच मले भीती वाटून राहिली. त्या घरात पंचफुला होती.

कौसल्ये?… रडू नको. मी काय सोयरिक मोड म्हटलं का? एकदा म्हटलं? त्या पोराच्या रक्ताची तपासणी करा, इतकंच म्हणून राहिले. त्याच्यात नसलं, तर मी नाचत येते रविवारी…

हॅलो?… कोण?… पायल? तू कुठून आली?… स्पीकरवर? आजीचे हात कणकेचे होते म्हणून स्पीकरवर! म्हणजे सगळं ऐकलं तू?

… बरं झालं बेटा.

नाही. नाही, तुझ्यात काही खोट नाही. कोणी म्हणालं तर त्याचं नाव सांग मले… हो… हो… तुले सांगायचंच होतं त्याले? मग?… आजीनं शपथ घातली. ती शपथ मी सोडवली असं समज. तुझी आजी माझी लहान बहीण आहे, इतकं तर चालते माझं… काय म्हणते ती मागून?… म्हणू दे.

काय बोलशील? जसं आहे तसं. ‘माझ्यात हे आहे, तुझं तपासून घे.’ झालं. पंचफुलाचं तू काही बोलू नको. ते जयवंतामावशीशी मी बोलते, म्हातारीचं म्हातारीनं पाहावं… चिठ्ठी नको, मेसेजही नको. बोल. आवाज ऐकू दे त्याले तुझा.

… नाही म्हणाला तर?

नाही म्हणाला तर रडशील. गाडीत बसून माझ्याकडे ये, दोघी मिळून रडू. त्या रडण्यातून माणूस उठते बेटा. पोटच्या लेकराजवळ बसून जे रडावं लागते, त्यातून माझी आई उठली नाही.

… हो. आहे मी. कुठं जात नाही.

आता?… हो, आताच. कंपनीतून सुटला असेल ना?… मग ठेव फोन… नाही बाई, मी नाही लावत त्याले. लग्न तुझं आहे… आजीचा हात धर पाहिजे तर. कणकेचा तर कणकेचा.

ठेव… ठेव ना वं. माझ्याशीच बोलत राहिली तर त्याले कधी लावशील?

… बरं. मीच ठेवते.