मधलं बेअरिंग

—नको, हूक नको लावूस अजून. वायर ठेव खाली. अरे ठेव रे, गाडी काही पळून जात नाही. इतकी वर्षं या गॅरेजातून हललेली नाही, चहा होईपर्यंत काय हलणार आहे? तू मराठी निघालास हे एक बरं झालं. नाहीतर मला सगळं हिंदीत समजवावं लागलं असतं, आणि हिंदीत बोललो की माझंच म्हणणं मला खोटं वाटायला लागतं. विजय ना? कुडाळचा. बैस विजय. त्या टायरवर नको, त्या टायरवर कुणी बसायचं नाही, ते वेगासाठीचे आहेत — तो उलटा डबा घे. आणि मला डॉक्टर म्हणू नकोस. काका म्हण. मी औषधाचा डॉक्टर नाही, डिझेलचा आहे. सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं कसं, यावर जाडजूड प्रबंध लिहिला, पण स्वतःचा रक्तदाब कुणी विचारला तर मला सांगता येत नाही. साखर? घाल तूच. माझा हात बघतोस ना कसा थरथरतो. वयामुळे आहे. म्हणजे — वयामुळे असावा.

ते कटर मी पाहिलं बरं का. तुझ्या ट्रकच्या सीटमागे आहे, लांब दांड्याचं. मालकिणीने, मुनिराने दिलं ना? 'म्हातारा कुलूप काढणार नाही, तू तोडून गाडी घेऊन ये' — असंच म्हणाली असेल. नको सांगूस. तुझी नोकरी आहे, कशाला सांगतोस. तिने सांगितलं म्हणजे तिच्यावर तशी वेळ आली असणार, एवढं मला कळतं. पण ते कुलूप कसलं आहे ते तुला माहीत नाही. हे बघ — बॅटरीच्या मेन स्विचला लावलंय, लाल, आणि त्याला अडकवलेली पट्टी, 'वाकणकर', म्हणजे मी. मी रिफायनरीत होतो, मुनिराचे वडील माझे साहेब. तिथे पद्धत अशी, की मशीनवर कुणी काम करत असेल तर तो स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात. मग ते कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही. मॅनेजरने नाही, मालकाने नाही. का? तर तो माणूस आतमध्ये असू शकतो! बटण दाबलं आणि आत त्याचा हात असला तर? मुनिरा हे ऐकतच वाढली. जेवायच्या टेबलावर तिचे वडील दुसरं बोलायचेच नाहीत. म्हणून एवढी श्रीमंताची पोर, स्वतःचं घर, स्वतःचं गॅरेज, स्वतःची गाडी — पण माझ्या कुलपाला तिने कधी बोट लावलं नाही. आज कटर पाठवलं. काय समजायचं मी? मीच विचारतो, मीच उत्तर देतो. तिचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही, असं समजायचं.

आणि का उरावा? चहा पी, गार होतोय.

ही पिकअप तिच्या वडिलांची. खैरानला समुद्रावर त्यांचं शॅले आहे ना, सुटीचं घर, जिथे ती आत्ता वाट बघत बसलीय तुझी, तिथे बोट ओढून न्यायला घेतली होती. रिटायर झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं, हिला पळवायची. शर्यत म्हणजे वळणंबिळणं नाही, कुणाच्या पुढेमागे नाही — सरळ मोकळा पट्टा, एकटी गाडी, आणि जेवढा येईल तेवढा वेग. मला म्हणाले, वाकणकर, तू डिझेलचा डॉक्टर, मी रिकामा, घरचं गॅरेज आहे, चल. मी नाशिकला जायला निघालो होतो, सामान बांधलं होतं. राहिलो. त्यांनी मला आपल्या घराच्या इकाम्यावर घेतलं, राहायचा परवाना करून दिला, मागची खोली दिली. मग ते गेले. मला वाटलं, आता हे सगळं भंगारात जाईल, मीही जाईन. तर त्यांचं चाळिसाव्या दिवसाचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुनिरा खाली आली, बाह्या वर केल्या आणि तिच्या अरबी ढंगात म्हणाली, 'दुक्तूर, आता काय करायचं राहिलंय?' स्वतः वेल्डिंग शिकली रे. आतला तो पाइपांचा पिंजरा दिसतो ना, गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून? अर्धा तिच्या हातचा. आणि मागचा हौद — तो बर्फाचा. हसू नकोस. हवा दाबून इंजिनात कोंबली की तापते, तापली की विरळ होते. मग बर्फाच्या पाण्याने गार करून द्यायची. गार हवा मिळाली की डिझेल अधाशासारखं जळतं. बर्फ शर्कच्या मासळी बाजारातला. पहिल्यांदा इंजिन चालवलं तेव्हा सगळ्या गॅरेजला सुरमईचा वास. तुला तर घरी गेल्यासारखं वाटलं असतं.

घरी. हां.

नाही, जातो ना, वर्षाआड जातो. देवयानी आहे तिकडे — बायको. गंगापूर रोडला फ्लॅट. छान आहे. हवेशीर. मी गेलो की ती माझ्यासाठी पाहुण्यांचा टॉवेल काढते. तसं तिचं काही चुकत नाही, स्वच्छ असतो तो, इस्त्रीचा. पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर विचारते, 'काही हवंय का तुम्हाला?' चहाचे कप कुठल्या फडताळात असतात ते मला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. सकाळी तिच्या मैत्रिणी येतात, गाण्याचा क्लास असतो, मी गॅलरीत बसतो. कुणी मला जा म्हणत नाही आणि कुणी — आता तूच सांग, तू किती वर्षं इकडे? फरवानियात राहतोस ना, एका खोलीत किती जण? सुटीवर गेलास की मुलं तुझ्याशी बोलतात, की तू आणलेल्या सामानाशी? राहू दे. माझी चूक झाली, विचारायला नको होतं.

तर देवयानी फोनवर विचारायची, 'कधी येताय कायमचे?' मी म्हणायचो, गाडी एकदा पळाली की लगेच. मुनिराही तेच म्हणायची — 'दुक्तूर, गाडी पळाली की तू मोकळा, तिकीट मी काढते, बायकोकडे जा.' तिला वाटायचं, आपण म्हाताऱ्याला अडकवून ठेवलंय. अपराधी वाटायचं तिला, कळतंय का? आणि मी काय करायचो, तर गाडी तयार व्हायला आली की मला काहीतरी आठवायचं. एका हिवाळ्यात टायर जुने झाले असं मला वाटलं. नंतर ब्रेकच्या पॅराशूटची दोरी. मग वाऱ्याची दिशा. उन्हाळ्यात तर इथे पळवायचा प्रश्नच नाही, म्हणजे एक कारण काढलं की वर्ष गेलं. मी कुलूप लावायचो आणि म्हणायचो, एकदा तपासून बघतो. खोटं बोलायचो? नाही. खोटं नव्हतं रे. शंका खरीच यायची. शिकलेल्या माणसाला शंकेला काय तोटा? फक्त ती नेमकी यायची, जेव्हा — हे मी तुला का सांगतोय कळत नाही. हे देवयानीलाही सांगितलेलं नाही.

बरं, पण आता ऐक, आता महत्त्वाचं. इकडे ये, वाक असा. इंजिन पुढे, ते फिरवतं ती चाकं मागची, आणि मधे हा लांब शाफ्ट. एवढा लांब शाफ्ट सबंध केला तर वेगात तो दोरीसारखा उडायला लागतो, म्हणून दोन तुकडे, आणि मधे हे बेअरिंग, त्याला धरून ठेवणारं. सगळा भार याच्यावर. परवा, गाडी जायची म्हणून मी शेवटचा हात फिरवत होतो, आणि शाफ्ट वर उचलला तर — हललं. जरासं. नखाएवढंही नाही. मी मनात म्हटलं, आली, माझी शंका आली. म्हणून मी मुनिराला लगेच सांगितलंही नाही. रात्र गेली. सकाळी परत उचलला. परत हललं. मग सांगितलं. तर ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'दुक्तूर, हेच बेअरिंग तू गेल्या वर्षी दोनदा काढून तपासलंस. त्याच्या आधीही. दर वेळी ठीक होतं.' आणि गेली खैरानला. आता फोन उचलत नाही.

आणि तिचं बरोबर आहे! काढलं होतंच मी. त्यातच तर — बेअरिंग शाफ्टवर ठोकून घट्ट बसवलेलं असतं, विजय. ते ओढून काढायचं, परत बसवायचं. दर वेळी शाफ्ट किंचित खरवडला जातो. एकदा चालतं. दोनदा चालतं. माझ्यासारखा माणूस वर्षानुवर्षं काहीही कारण नसताना काढत-घालत राहिला तर बैठक सैल होणार नाही तर काय होईल? पहिल्या वर्षाच्या मुलाला कळेल हे. म्हणजे दोष नव्हता तेव्हा मी दोष शोधत होतो, आणि शोधून शोधून तो तयार केला. उद्या सकाळी मुनिरा ही गाडी अडीचशेच्या पुढे नेणार आहे आणि तिच्या सीटखाली हे फिरणार आहे. निसटलं तर शाफ्ट जमिनीत रुतेल आणि गाडी — तो पिंजरा चांगला केलाय आम्ही. पण पिंजऱ्याचंही काही सांगता येत नाही.

की नाही निसटणार? तूच हात लाव. हो, तू, माझ्या हाताचा काय भरवसा. धर इथे, आता वर उचल. लागलं? काय लागलं? थोडं हलतंय. हो, पण बेअरिंगभोवती रबर असतं, रबर थोडं हलणारच, मी तेच म्हणतोय — रबर हलतंय की बेअरिंग? नाही सांगता येत. बरोबर. मलाही नाही सांगता येत. खोलून बघितल्याशिवाय कुणालाच नाही सांगता येणार, आणि खोलायचं म्हटलं की उद्याचा दिवस गेला, पट्ट्याची परवानगी गेली, हिवाळा गेला, आणि म्हातारा आणखी एक वर्ष मागच्या खोलीत. बघ ना, सगळं पुन्हा माझ्याच सोयीचं! मी जिच्यापुढे शिपायासारखा उभा राहून सांगतोय की गाडी चालवू नकोस, तिने का ऐकावं? मीच ऐकलं नसतं. अरे, मीच ऐकत नाहीये माझं! दोन दिवस झाले, मला कळत नाही की मला मुनिराच्या जिवाची भीती वाटतेय की त्या गॅलरीची.

थांब. उठू नकोस. एक मिनिट थांब, मी खोलीत जाऊन आलो.

हे घे. उघडून बघ हवं तर, माझाच फोटो आहे, केस असतानाचा. इथे लोक मालकाने ठेवून घेतलेला पासपोर्ट परत मिळावा म्हणून वकिलाकडे चकरा मारतात, माझा माझ्याच कपाटात होता सगळा वेळ. कुणी अडवलं नव्हतं मला. हा मुनिराच्या हातात दे. इतर कुणाच्या नको. आणि सांग — नीट लक्षात ठेव — सांग, दुक्तूर म्हणतो, माझं तिकीट काढ. या आठवड्यातलं. इकामा रद्द कर. गाडी पळो न पळो, मी चाललो. शाफ्ट शुवैखच्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपला पाठव, तिथे कुणीतरी उघडेल, नवीन करेल. माझा हात त्याला लागता कामा नये. मी इथे नसेन. माझा यात आता काही फायदा नाही. आणि ज्याचा काही फायदा नाही असा माणूस तुला सांगतोय, या बेअरिंगवर गाडीत बसू नकोस.

लक्षात राहील? आधी पासपोर्ट द्यायचा. मग बेअरिंगचं बोलायचं. उलट केलंस तर ती ऐकणार नाही.

थांब, जाऊ नकोस. देवयानीला मेसेज टाकतो, म्हणजे मलाच मागे फिरता यायचं नाही. 'या आठवड्यात येतोय. कायमचा.' गेला. बघ, दोन खुणा आल्या. वाचलासुद्धा.

काही नाही. लिहितेय. मग थांबली. परत लिहितेय.

राहू दे तो फोन तिथे डब्यावर. टॉर्च दे तुझा. आता मी पुन्हा एकदा खाली जाऊन बघतो. कारण असं, विजय, की ती शंका जर गॅलरीची असेल तर आता ती राहायला नको. आता लपवायला काही उरलं नाही, तिकडे कळवून झालं, दार बंद झालं. आता जर शाफ्ट घट्ट लागला तर मी मूर्ख, आणि तू खुशाल हूक लाव, किल्ली ही माझ्या खिशात आहे, मी स्वतः कुलूप काढून देतो, कटर नको. जरा पायाकडे धर मला, गुडघे वाकत नाहीत. हां. टॉर्च असा. अजून डावीकडे.

बोलू नकोस आता.

हलतंय.

नाही, रबर नाही. हलतंय, विजय. आवाज ऐकलास? टक्. परत ऐक. टक्.

जा तू. कुलूप राहू दे. रिकामा ट्रक घेऊन जा तिच्याकडे. जा म्हणतो ना! मी उठेन माझा मी. तो फोन वाजतोय तो वाजू दे.