गाडी कोणाची?

...बरं, सांत्वन राहू द्या, निदान तोंडदेखलं ‘अरेरे’ तरी म्हणावं की नाही? मी सांगतोय, गाडी गेली, कायमची गेली, मेकॅनिकने बॉनेट उघडून नुसती मान हलवली, आणि आमची तिघं एका सुरात... आमच्या बँडमध्ये तिघं एका सुरात येण्याची ही पहिलीच वेळ... एका सुरात विचारतात, “मग शनिवारी कार्यक्रमाला जायचं कसं?”

जायचं कसं! तू कसा आहेस, हा प्रश्नच नाही.

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. आमचा बँड म्हणजे लग्नात वाजवतो तो नव्हे. ज्याला लग्नात कोणी बोलावत नाही, तो. रॉक बँड. त्यातही स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे गाणी आपणच लिहायची, आपणच वाजवायची आणि बऱ्याचदा आपणच ऐकायची. गायक आमचा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ’ करायला लावतो आणि संध्याकाळी स्वतः करतो. बेस वाजवतो त्याला आम्ही मावशी म्हणतो. चांगला सहा फुटी दाढीवाला गडी आहे, पण कोणी शिंकलं की याच्या खिशातून गोळी निघते, मग दुसरं काय म्हणणार? गिटारवर मावशीची थोरली बहीण, ताई. ताईला सगळे घाबरतात. मावशी तर जन्मापासून घाबरतो. आणि ड्रमवर मी. माझं पडद्यांचं दुकान आहे. पडदे शिवून घरोघरी बसवून देतो, म्हणून गाडी. आता बघा, ड्रम नेणार कशातून? गाडीतून. गिटारी, स्पीकर, डॉक्टरांच्या घशासाठी मावशीने उकळून आणलेलं पाणी? गाडीतून. गाडी कोणाची? माझी.

इतकंच असतं तरी ठीक होतं. बँडला नाव सुचेना तेव्हा ही तिघं फुटपाथवर बसली होती, समोर माझ्या गाडीचं मागचं दार, त्यावर लिहिलेलं ‘अंतर ठेवा’. ताई म्हणाली, “झालं. हेच नाव.” म्हणजे बँडचं नावसुद्धा गाडीवरचं. आणि गाडी कोणाची?

तेव्हापासून एक किडा माझ्या डोक्यात वळवळतोय. हे लोक मला ड्रमर म्हणून धरून आहेत, की ड्रायव्हर म्हणून? कारण वाजवण्याबद्दल म्हणाल, तर कौतुकाचा एक शब्द नाही. उलट ताईचं ठरलेलं, “शेवटच्या कडव्याला घाई केलीस.” अहो, मी घाई करत नाही. गाणंच उताराला लागतं, त्याला मी काय करू? डॉक्टर धापा टाकत म्हणणार, “मित्रा, मला मधे एक श्वास घ्यायचा असतो रे.” घे ना, मी कुठे धरलाय तुझा श्वास?

आणि आता गाडीच गेली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “चला, म्हणजे आता त्या डब्यांची कटकटही गेली.” इतकी वर्षं ड्रमला डबे म्हणते. म्हटलं, “डबे आहेत अजून. गाडी गेलीये.” तर म्हणाली, “अहो, पण गाडीशिवाय तुम्हाला बोलावेल कोण?” भाजी चिरता चिरता म्हणाली, वर बघितलंही नाही. जिव्हारी लागणारी वाक्यं माणसं कायम दुसरं काम करता करताच का बोलतात?

तर गुरुवारी... गुरुवारी आमचा सराव नसतो, हे लक्षात ठेवा... गुरुवारी मी सरावाच्या खोलीवर गेलो. माझी मापाची टेप तिथे राहिली होती, आणि टेपेशिवाय पडदेवाला म्हणजे दोऱ्याशिवाय सुई. खोली लॉन्ड्रीच्या वर. खाली इस्त्री चालते, वर आम्ही. वाफ दोन्हीकडे सारखीच निघते. मी अर्धा जिना चढलो आणि वरून आवाज. गिटार, बेस, डॉक्टरांचा घसा... आणि ड्रम.

माझे ड्रम. मी तर जिन्यात.

आणि वाजवणारा कसा वाजवत होता म्हणता? घड्याळ! न हलणारा, न डगमगणारा, एकेक ठोका इस्त्री केल्यासारखा. मी तिथेच पायरीवर बसलो. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर मागच्या दारात एक चकचकीत मोठी गाडी उभी, पाठीवर ठळक अक्षरांत ‘ताजे आणि मऊ’. बेकरीची गाडी. तो बेकरीवाला ड्रमही वाजवतो, हे मी ऐकून होतो. म्हणजे झालं की हो. नवी गाडी, तिच्यासोबत नवा ड्रमर. मनात म्हटलं, बायको बरोबर होती. एवढं दुःख पुरे नव्हतं म्हणून हेही वर.

तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. आणि काय झालं माहीत आहे? तिघंही पळाली! सवयीने! ड्रम जागच्या जागी, आणि ही तिघं सुसाट. गाणं संपवून तिघं घरी पोचली, हा अजून फाटकाशीच. मग बेकरीवाला, “तुम्ही का पळता?”

डॉक्टर म्हणाला, “आम्ही नाही पळत. तू मागे राहिलास.”

“मी बरोबर होतो. घड्याळ लावून बघा.”

आणि मग ताईचा आवाज. “तू बरोबरच होतास रे. पण आमचा पडदेवाला इथे पळतो, आणि आम्ही त्याच्या मागे पळतो. हे गाणं तसंच आहे.”

“पण ती चूक आहे.”

“असेल. आमची आहे ती.”

तुम्हाला सांगतो, लॉन्ड्रीची वाफ फार वाईट, डोळ्यांत जाते.

पुढे ऐका. बेकरीवाला म्हणाला, “मग मला बोलावलंत कशाला?” मावशी चाचरत म्हणाला, “ते... शनिवारी गाडी हवी होती. आणि तू म्हणालास, आधी एक गाणं वाजवू द्या, मग गाडी देतो... गोळी देऊ का? चेहरा उतरलाय तुझा.”

“म्हणजे तुम्हाला माझी गाडी हवी होती. मी नाही.”

अहो, हे वाक्य! इतकी वर्षं माझ्या घशात अडकलेलं वाक्य दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर पडलं. आता मी काय करायला हवं होतं? टेप घेऊन गुपचूप घरी जायला हवं होतं. पण मी वर गेलो. तिघं मला बघून अशी उभी राहिली, जणू मी त्यांची चोरीच पकडली. डॉक्टरने ‘आ’ केला तो मिटेचना. मी बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “गाडीसाठी नाही रे. तू पण ये. खुळखुळा वाजव, आम्हाला खुळखुळेवाला नाही.” ताईने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, “टेप खिडकीत आहे तुझी. जिन्यात कधीपासून बसला होतास?” हिला कळतं कसं सगळं?

तर शनिवारी निघालो. जुन्या गाडीचं मागचं दार मी मेकॅनिककडून उतरवून आणलं होतं, ‘अंतर ठेवा’वालं, ते ड्रमच्या मागे उभं करायला. तरी निवेदकाने बाहेरची गाडी वाचून जाहीर केलंच, “आता येत आहेत, ताजे आणि मऊ.” रॉक बँड! असो. वाजवलं. शेवटच्या कडव्याला गाणं उताराला लागलं, आम्ही चौघं सुटलो, मागून खुळखुळा पळत आला, लोक उभे राहिले, सगळं मान्य... पण त्याआधीचं राहिलंच की! निघताना बेकरीवाल्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हटलं, “हे काय? गाडी कोणाची?” तर म्हणतो, “माझी. पण दिवसभर मीच चालवतो ना, सुट्टी संध्याकाळची. संध्याकाळी मी कलाकार असतो.” आणि बसला मागे, खुळखुळा मांडीवर घेऊन! तेव्हापासून हेच चाललंय, गाडी त्याची, बँड सगळ्यांचा, डबे माझे, चालवायचंही मीच, मागे डॉक्टर गुळण्या करतोय, मावशी गोळ्या वाटतोय, ब्रेडच्या वासाने सगळ्यांना भूक लागलीये, आणि जरा कुठे पाचवा गिअर टाकला की ताई मागून ओरडते, “हळू चालव, घाई कशाला करतोस?”

आता तुम्हीच सांगा, मला हळू येत असतं, तर यांनी मला ठेवलं असतं का?