काचेची केबिन आणि लाकडाची

आत्या : ऐंशी सालच. मी पुष्कळ खोटं लिहून दिलं असेल, पण वर तारीख नेहमी खरी घातली. केबिनची परीक्षा झाली तो एकोणीसशे ऐंशीच्या फेब्रुवारीतला मंगळवार.

भोंगा : एक्क्याऐंशी. माझी थोरली तेव्हा पोटात होती.

आत्या : थोरली ऐंशीच्या मे महिन्यातली. लेकीचं जन्मसाल तरी लक्षात ठेव.

भोंगा : बरं बाई, ऐंशी. ओरडतेस कशाला?

आत्या : ऐकलंस? हिला ऑफिसात सगळे भोंगा म्हणायचे. ही शिंकली की चार टेबलं पलीकडे कुणाची तरी रेघ वाकडी जायची. आणि ही मला सांगतेय, ओरडू नको.

भाची : आत्या, मावशी, साल कुठलंही असू दे. सोमवारी मला बॉसला सांगायचंय, यातला कुठला पॉड घ्यायचा. हे बघा तीन फोटो. बाबा म्हणाले, आत्याला विचार, तिनं तिच्या ऑफिसच्या केबिन निवडल्या होत्या, ती एक्स्पर्ट आहे.

आत्या : एक्स्पर्ट! तुझ्या बापाला मीच वाढवलाय, त्यामुळे माझ्याबद्दल जरा भोळा आहे तो. पॉड म्हणजे काय गं?

भाची : म्हणजे दार असलेलं खोकं. एक माणूस आत बसून फोनवर बोलतो, बाहेर ऐकू येत नाही. आमचा साठ जणांचा एकच हॉल आहे ना. दोन वर्षांपूर्वी सगळ्या केबिन पाडल्या. का, तर लोक एकमेकांशी मोकळेपणानं बोलतील. आता कुणीच बोलत नाही, सगळे कानात बोळे घालून बसतात. रडायचं झालं तर मी जिन्यात जाते.

भोंगा : कोण रडवतं तुला?

भाची : उदाहरण दिलं हो, मावशी.

भोंगा : हं. उदाहरण.

आत्या : आधी भिंती पाडायच्या, मग भिंती विकत आणायच्या. आमच्याकडे अगदी हेच. पुलांचे आराखडे काढणारी कंपनी, चाळीस माणसं. साहेब म्हणजे धाकटे मालक. ते बाहेर शिकून आले आणि त्यांनी सगळ्या भिंती पाडून एक लांबलचक हॉल केला. टाइपरायटरांचा खडखडाट, साइटवरच्या लोकांशी फोनवर आरडाओरडा, त्यात ही. शेवटी ठरलं, बोलण्यापुरत्या चार बंद केबिन घ्यायच्या. दोन नमुने आले. एक काचेची, एक लाकडाची. त्यातली कुठली, हे ठरवायचं काम माझ्याकडे.

भाची : तुझ्याकडे का? तू तर स्टेनो होतीस.

आत्या : कारण ऑफिसात सगळ्यात तिखट कान माझे! मला रडार म्हणायचे. हॉलच्या त्या टोकाला दोघं कुजबुजले, तरी काय बोलले ते मला माहीत असायचं. आता जे सांगते ते तुझ्या बापाला सांगू नको. मला तेव्हाच ऐकू येत नव्हतं.

भाची : काय? मशीन तर तू रिटायर झाल्यावर घेतलंस.

आत्या : मशीन तेव्हा घेतलं. कान त्याच्या आधी तीस वर्षं गेले होते. मी ओठ वाचायचे. समोरचा माणूस दिसला की झालं, मग तो भिंतीला टेकून कुजबुजेना का. फोन वाजला की मात्र मला तहान लागायची. त्या ऑफिसात माझ्याइतकं पाणी कुणी प्यायलं नसेल.

भाची : मग डिक्टेशन कसं घ्यायचीस?

आत्या : साहेबांना ह्या एवढ्या मिशा. वरचा ओठ म्हणून दिसायचा नाही. त्यातून बोलताना खिडकीकडे तोंड करून फेऱ्या मारायच्या. निम्मं मी अंदाजानं लिहायचे. पुलांच्या पत्रांत असतं काय? खांब, सळ्या, पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करावे. कुठे फारच वेगळं झालं तर म्हणायचे, साहेब, हे वाक्य असं जास्त भारदस्त वाटतं. साहेब म्हणायचे, वा. अख्खा एक पूल माझ्या भारदस्तपणावर उभा आहे, आणि मी त्याच्यावरून कधी गेले नाही.

भाची : पण लपवायचं कशाला? सांगून टाकायचं ना.

आत्या : सांगून? तिथे आमचा एक आरेखक होता, त्याच्या हाताला कंप सुटला. थोरल्या मालकांना, म्हणजे साहेबांच्या वडिलांना कळलं. आठवडाभरात माणूस घरी. आणि बहिरी स्टेनो म्हणजे काय गं? आंधळा शिंपी. तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता, आईचे गुडघे गेलेले, कमावती मी एकटी. नोकरी गेली असती तर तुझ्या बापाचं शिक्षण तिथेच थांबलं असतं.

भोंगा : आता परीक्षेचं सांग. बाकी सगळं सांगून होईल आणि ते राहील.

आत्या : सांगते. परीक्षा अशी : ऑफिसातला सगळ्यात मोठा आवाज आत, सगळ्यात तिखट कान बाहेर. म्हणजे ही आत, मी बाहेर. हिनं सळ्यांची यादी वाचायची आणि मला जेवढं ऐकू येईल तेवढं मी लिहायचं. पहिली काचेची. ही आत बसली, दार लावलं आणि वाचायला लागली. मी समोर उभी. स्वच्छ पुसलेली काच, आत दिवा! मला इतकं सुंदर कधी ऐकू आलंच नव्हतं. सगळी यादी उतरवून घेतली, मापांसकट.

भाची : अगं, पण ते तू ऐकलं कुठे? वाचलंस!

आत्या : ते आत्ता तुला कळतंय. तेव्हा मला वाटलं, कान आज बरे दिसतात. काचवाला विक्रेता माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं माझा कागद बघितला, काचेला कान लावला, परत कागद बघितला. बिचारा पांढराफटक पडला. मी त्याला म्हटलं, भाऊ, अजून शिकायला हवं तुम्हाला.

भाची : आत्या!

आत्या : मग लाकडाची. ती चहूबाजूंनी बंद, दाराला खिडकी नाही. ही पोट सांभाळत कशीबशी आत मावली. मी कागद-पेन्सिल घेऊन उभी राहिले. पाच मिनिटं. शांतता. हिमालयात असते तशी. मी लिहिलं, "एकही शब्द ऐकू आला नाही. केबिन उत्तम." साहेबांनी तिथल्या तिथे सही केली आणि चार मागवल्या.

भाची : आणि लाकडाची कशी होती?

आत्या : अकरा वर्षांनी मोडल्या तेव्हा कळलं. सुतारानं फळी काढली तर आतून रद्दी पेपर. भिंत नव्हे, पडदा म्हण. मी हबकलेच. म्हटलं, बाई गं, अकरा वर्षं लोक त्यात बसून बोलत होते आणि हॉलभर ऐकू जात होतं! पण माझ्या कानांवर कुणी शंका घेतली नाही. चाळीस माणसांना बनवलं मी. उलट त्या परीक्षेनंतर माझा दरारा वाढला. लोक काम असलं की माझ्या पुढ्यात येऊन, सरळ उभं राहून बोलायला लागले. आधी मागून हाका मारायचे. टायपिस्ट मुली इतक्या कामसू झाल्या की केबिनमध्ये कुणी गेलं रे गेलं, सगळ्यांची बोटं एकदम यंत्रावर. आणि नशीब तर असं की महिन्याभरात साहेबांनी मिशाच काढल्या. म्हणाले, आता फॅशन गेली.

भोंगा : पोरी, मला जरा पाणी दे.

भाची : मावशी, एक विचारू? लाकडाच्या केबिनमध्येही तुम्ही सळ्यांचीच यादी वाचलीत?

भोंगा : नाही.

आत्या : नाही? ठरलं तर तेच होतं.

भोंगा : काचेच्या वेळी तुझी नजर माझ्या तोंडावरून हलेना. मला वाटलं, दातात काही अडकलंय. नंतर विक्रेत्याचं तोंड बघितलं. म्हटलं, याला काही ऐकू गेलेलं नाही आणि हिनं मापांसकट लिहिलंय. तेव्हा डोक्यात आलं.

आत्या : काय आलं?

भोंगा : म्हणून लाकडाच्या केबिनमध्ये गेले आणि ओरडले, "रडार, तुझ्या पाठीवर पाल आहे!"

भाची : अय्यो!

भोंगा : माझा आवाज आणि रद्दीची भिंत. सगळा हॉल उठून हिच्या पाठीकडे बघायला लागला. मुख्य आरेखक फुटपट्टी घेऊन धावला. मला हे दाराच्या फटीतून दिसत होतं. आणि ही महाराणी पेन्सिल धरून उभी, चेहऱ्यावर हिमालय.

आत्या : पाल नव्हती ना?

भोंगा : नव्हती गं!

आत्या : पंचेचाळीस वर्षांनी का होईना, विचारलेलं बरं.

भोंगा : मग मला काय करावं सुचेना. मी म्हटलं, "अगं, तुला ऐकूच येत नाही, होय ना?" मी ते हळू म्हटलं होतं.

भाची : मावशी, तुमचं हळू म्हणजे...

भोंगा : तेच. तेही सगळ्यांनी ऐकलं. साहेब नकाशांच्या कपाटापाशी होते, त्यांनीही ऐकलं.

(आत्या कानातलं यंत्र काढते, टेबलावर ठेवते, आणि थोड्या वेळानं पुन्हा घालते.)

आत्या : सगळे खाली मान घालून बसले होते. मी वळून बघितलं तेव्हा. मला वाटलं, परीक्षा चालू आहे म्हणून शिस्त.

भोंगा : शिस्तच होती.

भाची : पण मग साहेबांनी लाकडाचीच का घेतली? वाईट आहे हे त्यांना कळलं होतं ना?

भोंगा : मी विचारलं त्यांना. म्हणाले, अहवाल हिच्या सहीचा आहे. तो फिरवायचा तर कारण लिहावं लागेल आणि तो कागद आमच्या बाबांकडे, थोरल्या मालकांकडे जाईल. तुम्ही लिहिता का कारण? मी म्हटलं, मी नकाशे गिरवणारी, मला फक्त गिरवता येतं. ते म्हणाले, मग झालं. दुपारी चहाला मुख्य आरेखक एवढंच बोलले, आजपासून तिला मागून हाक मारायची नाही. कुणी काही विचारलं नाही.

भाची : आणि टायपिस्ट?

भोंगा : आत कुणी गेलं की सगळ्यांनी जोरात टाइप करायचं, म्हणजे आतल्याचं बोलणं झाकलं जाईल. अकरा वर्षं केलं पोरींनी. काही नसलं तर नुसती बाराखडी बडवायच्या.

आत्या : आणि मी साहेबांना सांगून त्यांचं कौतुक करवलं होतं. कामसू म्हणून.

भोंगा : फार हसल्या होत्या त्या दिवशी.

आत्या : तू मला का नाही सांगितलंस?

भोंगा : तू सांगशील म्हणून थांबले. दोन वर्षं थांबल्यावर मग लाज वाटायला लागली, की आता कसं सांगू.

आत्या : म्हणजे मी चाळीस जणांना बनवत होते आणि ते चाळीस जण मला बनू देत होते. मी दर गुरुवारी हिच्यापुढे हीच गोष्ट सांगते, पोरी. आणि ही दर गुरुवारी हसते. चांगली नटी वाया गेली नकाशे गिरवण्यात.

भाची : बाकीच्यांचं काय झालं पुढे?

आत्या : काचवाल्यानं माझं बोलणं मनाला लावून घेतलं. एका काचेच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. पुढे त्याच्या केबिन एवढ्या चालल्या की हॉस्पिटलातली माणसं त्याच्याकडून कान तपासायच्या खोल्या न्यायला लागली. मी मशीन घ्यायला गेले तेव्हा मला अशाच एका खोलीत बसवलं होतं. दारावर त्याचं नाव. मी मान खाली घालून बसले.

भोंगा : सुतार गेला. लाकडी केबिनच्या फळ्यांची त्यानं कपाटं केली. एक माझ्याकडे आहे, झाडू ठेवते त्यात.

आत्या : मुख्य आरेखक गावी जाऊन राहिले, ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. हाताला कंप सुटलेला तो आरेखक, त्याला साहेबांनी थोरले मालक गेल्यावर परत बोलावलं, कागदपत्रं सांभाळायला. टायपिस्ट पोरी सगळ्या आज्या झाल्या. तुझा बाप इंजिनिअर झाला आणि मला एक्स्पर्ट म्हणतो.

भाची : मग मी कुठला घेऊ?

भोंगा : काचेचा घे. रडणारं माणूस बाहेरून दिसलं पाहिजे.

भाची : मावशी, तेच तर नकोय लोकांना!

भोंगा : लोकांना काय हवंय ते मी नाही सांगत. कुठला घ्यायचा ते सांगितलं.

आत्या : आणि परीक्षा घेशील तेव्हा बाहेर कोण उभं आहे ते आधी नीट बघ. कागदावर सही करण्याआधी.

भाची : बघते. आणि साहेब? साहेबांचं नाही सांगितलंस.

आत्या : साहेब सहा वर्षांपूर्वी गेले. चांगले गेले, झोपेत. मी दोन हजार आठ साली निवृत्त झाले, तेव्हाही ते रोज यायचे, कंपनीच त्यांची. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, साहेब, एक मनातलं सांगू? तुम्हाला मिशा फार शोभायच्या, उगाच काढल्यात. हसले नुसते.

भोंगा : हे मला माहीत नव्हतं.

आत्या : तुला माहीत नाही असंही काही आहे म्हणजे. नंतर महिन्याभरानं पेन्शनच्या कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून ऑफिसात गेले. मला वाटलं, माझा शब्द राखला त्यांनी.

भाची : म्हणजे?

आत्या : मिशा ठेवल्या होत्या. नुकत्याच फुटलेल्या, पांढऱ्या.