स्ट्रेचर फाटकापलीकडे जाणार नाही

...स्ट्रेचर परत द्या म्हणजे काय? अहो, त्यावर माणूस आहे! माझा सख्खा मामा! छातीत कळ आलीये त्याच्या, आणि आमचा अँब्युलन्सवाला सरहद्दीच्या फाटकावर मला सांगतो, "स्ट्रेचर सरकारी आहे, पलीकडे जाणार नाही. पेशंट जाऊ शकतो." तुम्हाला सांगतो, लोखंडाची एवढी काळजी कुठल्या देशाने घेतली नसेल... आणि इथे मामा घाम पुसतोय!

बरं, आधी मी तर ठाम होतो, आपल्याच सरकारी दवाखान्यात जायचं. फुकट आहे, हक्काचं आहे! मामा कण्हत म्हणाला, "हक्क तुझा रे, छाती माझी आहे." तरी नेला. तर काय? ईसीजीचं मशीन नवंकोरं, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, चालवणारा रजेवर! हृदयाचे डॉक्टर? "पद मंजूर आहे," नर्सताई म्हणाल्या. अहो ताई, मंजूर पद येऊन नाडी बघणार आहे का? शेवटी त्या माउलीनेच जिभेखाली गोळी ठेवली आणि हळूच म्हणाली, "पलीकडच्या देशात न्या. मी सांगितलं म्हणू नका." आणि मामा घाम पुसतोय!

फाटकावर पलीकडची अँब्युलन्स हजर. चकचकीत! त्यांचा माणूस हसतमुख, "नमस्कार, अनामत कोण भरणार?" अहो, आधी नाडी तरी बघा! "बघतो ना साहेब, पैसे जमा झाले की लगेच." मामीने कार्ड घासलं, मी घासलं, कुणाचं चाललं देव जाणे...

तेवढ्यात त्याच अँब्युलन्समधून एक आजोबा उतरवले. आडवे! ते निघालेले आमच्याकडे! आता दोन्ही स्ट्रेचर रेषेवर शेजारी शेजारी. मामाने मान वळवली, "तिकडे कसं आहे हो?"

"सगळं आहे. परवडत नाही. तुमच्याकडे?"

"सगळं परवडतं. काहीच नाही."

आणि हसले हो दोघं! मी मात्र रडायच्या बेतात. मग नियमाप्रमाणे मामाला उचलून त्यांच्या स्ट्रेचरवर, आजोबांना आमच्या. लोखंड आपापल्या देशात राहिलं, माणसांची अदलाबदल झाली! मी आजोबांच्या मुलाला ओरडून सांगितलं, "अहो, नका नेऊ, तिथे डॉक्टर नाहीत!" तो मागे न बघता म्हणाला, "ठाऊक आहे. पण तिथून बाहेर तरी काढत नाहीत." कॉलेजात आरोग्याच्या हक्कावर भाषणं ठोकणारा मी, अनामतीच्या पावतीवर सही ठोकत होतो... आणि मामा घाम पुसतोय!

खोटं कशाला बोलू, पलीकडच्या दवाखान्यात मात्र दारातच चौघं धावले. तासाभरात बंद पडलेली शीर मोकळी केली. वाचला मामा! मला भरून आलं, डॉक्टरांचे हातच धरले. म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या घरचे किती नशीबवान! काही झालं, की हे एवढं सगळं हाताशी!"

डॉक्टरांनी आधी मागे बघितलं, मग दार लोटलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"कसलं काय हो... घरच्यांना मी तुमच्याकडेच पाठवतो. इथलं मला कुठे परवडतंय!"